फाटक्या आवाजाची तल्लफ

संक्रांत झाली की मी मिरज सोडतो. आमच्या घरात तंबोरे होतात. तंबोरा मुंबईला नांदायला गेला तरी वर्षातून एकदा त्याला मिरजेचा हात लागावा लागतो, असं आमचे दादा (माझे थोरले भाऊ) म्हणतात. यात बढाई थोडी आहे, खोटं काही नाही. दादांना आता प्रवास झेपत नाही. म्हणून गेली तीस वर्षं पत्र्याची हत्यारपेटी, एक वळकटी आणि तिळगुळाचा डबा घेऊन मीच निघतो, आणि आठ दिवस उपनगरांतून घरोघरी जवारी लावत फिरतो.

जवारी म्हणजे काय ते मिरजकरांना सांगायला नको, पण हे बाहेरचं कुणी वाचेल म्हणून सांगतो. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची एक पसरट पट्टी बसवलेली असते, ती घोडी. तारा तिच्यावरून जातात. तारेनं घोडीच्या पाठीला नुसतं चाटत जावं, चिकटू नये आणि सुटूही नये, इतक्या बेतानं तिचा उतार कानशीनं घासायचा. मग आवाज झंकारत राहतो. कुणाला जवारी उघडी लागते, झणझणीत. कुणाला बंद लागते, गोल आणि दबकी. म्हणून आमच्या वडिलांचा एकच नियम होता, की वाजवणारा माणूस समोर बसल्याशिवाय कानस उचलायची नाही. दादांनी तो आयुष्यभर पाळला. मीही पाळला, या जानेवारीपर्यंत.

दुसरी एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला इलेक्ट्रिक गिटार आवडत नाही. म्हणजे तो जो आवाज फाडून वाजवायचा प्रकार असतो, घरघर घरघर, तो. माझ्या तरुणपणी गणपतीत आमच्या गल्लीत एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातला गिटारवाला डोळे मिटून पंधरा मिनिटं पत्रा फाडत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. मी मांडवातून उठून घरी गेलो. तेव्हापासून तो आवाज कानावर आला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आम्ही एकेक तार सरळ करण्यासाठी बोटांची सालं काढतो आणि हे लोक मुद्दाम बिघडवतात, असं मी चारचौघांत अनेकदा बोललो आहे.

पहिला मुक्काम नेहमीप्रमाणे पार्ल्यात, सुधाकररावांच्या व्हरांड्यात. सुधाकरराव कॉलेजात कारकून होते. आता निवृत्त आहेत आणि रोज सकाळी तंबोरा लावून तासभर गातात. शेजारपाजारचे लोक आपापले तंबोरे आणून त्यांच्याकडे ठेवतात आणि मी दोन दिवसांत सगळे हातावेगळे करतो. पूर्वी इथे बसलं की जवळच्या कारखान्यातून बिस्किटांचा वास यायचा, कारखाना बंद झाल्यापासून येत नाही. थालीपिठं मात्र तशीच आहेत. सुधाकररावांना उघडी जवारी लागते आणि ती कितीही उघडी केली तरी ते म्हणतात, "अजून एक हात मारा." या खेपेला सात तंबोरे झाले. सातव्याचं काम संपलं तेव्हा एक बाई डोळे पुसत होत्या. खोटं कशाला बोलू, असं झालं की माझी छाती फुगते.

तिसऱ्या दिवशी मुलुंडला गेलो. पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, सातव्या मजल्यावर वैशालीताई राहतात. मूळच्या लातूरकडच्या. इथे महापालिकेच्या शाळेत शिकवतात. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी पगारातून बाजूला टाकून टाकून आमच्याकडून तंबोरा नेला होता. बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या शेजारी तो गवसणी (वाद्याची खोळ) घालून उभा असतो. त्यांच्या घरात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते, आणि मुंबईच्या आठ दिवसांत मी त्या एका जेवणाची वाट बघत असतो. तंबोऱ्याचं काम अकरापर्यंत झालं. जेवताना ताई त्यांच्या मुलीबद्दल बोलत होत्या.

सानिका तेवीस वर्षांची आहे. इंजिनिअर झाली, ठाण्यात नोकरी करते आणि घरी आल्यावर गिटार वाजवते. अंधेरीत एक बँड आहे, त्यांचा गिटारवाला परदेशी निघून गेला. महिन्याभरात त्यांचा देशभर दौरा होता. त्याच्या जागी कुणाला घ्यायचं हे ठरवायला त्यांनी तिघांना बोलावलं होतं, परवा दुपारी चार वाजता. तिघांत सानिका एक. तीन वर्षं ती अशाच एका बोलावण्याची वाट बघत होती, असं ताई म्हणाल्या. नोकरीच्या आधी आणि नोकरीनंतर तिच्या डोक्यात दुसरं काही नसतं.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या काळ्या गिटारकडे बोट दाखवलं. "तेवढी तिची गिटारही बघाल का हो? फार खरखरते. परवा लाज जायला नको."

सानिका साडेपाचला येणार होती. मी थांबायला हवं होतं. वडिलांचा नियम मला झोपेतही पाठ आहे. पण खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं की हिच्यात विचारण्यासारखं आहेच काय? मी तार छेडली. खरंच खरखरत होती. तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांना इतक्या टेकल्या होत्या की मधून कागदही जाऊ नये. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघंही तंबोऱ्याची माणसं. दोघांनाही ते बिघडलेलंच वाटलं.

मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला आम्ही आड म्हणतो. गिटारची आड प्लास्टिकची निघाली आणि काढताना तिचे दोन तुकडे झाले. मी म्हटलं, बरं झालं, पीडा गेली. पेटीतून उंटाच्या हाडाचा तुकडा काढला, नवी आड केली, चांगली उंच, खाचा अगदी तारेच्या मापाच्या घट्ट पाडल्या, घासून घासून आरशासारखी केली. तारा वर उचलल्या गेल्या, खरखर गेली. गिटार स्वच्छ बोलू लागली. ताई खूश झाल्या. मी तर स्वतःवर इतका खूश होतो की जेवण झालेलं असूनही आणखी एक भाकरी मागून खाल्ली.

सानिका आली, "काका, नमस्कार" म्हणाली, बॅग टाकली आणि गिटार मांडीवर घेतली. डावा हात मानेवरून एकदा फिरला आणि थांबला. तिनं परत फिरवला. मग आईला विचारलं, कोणी हात लावला हिला. ताईंनी कौतुकानं माझं नाव सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. तारा खाली लागतात म्हणजे बोटं वेगानं पळतात. ती खरखर गिटारच्या जवळ बसलेल्यालाच ऐकू येते, आवाज मोठा करणाऱ्या मशीनमधून येतच नाही. थोडं थोडं करून तारा तशा आणायला तिला सहा महिने लागले होते. जुनी पट्टी कुठे आहे, हे तिनं विचारलं. जुनी पट्टी कचऱ्याच्या डब्यात होती, दोन तुकड्यांत. दुसरी आणून कुणाकडून नीट बसवून घ्यायची तर आठवडा जाणार होता.

मग ती म्हणाली, "काका, तुम्ही मला विचारलं का नाही?"

तीस वर्षांत माझं एकही वाद्य परत आलेलं नाही, हे मी जिथे तिथे सांगत आलो होतो. या पोरीनं मला एका वाक्यात जमिनीवर आणलं. उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. तुझा आवाज मला आवाजच वाटला नाही, म्हणून नाही विचारलं, असं कसं सांगणार? ताई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. मी पेटी पुन्हा उघडली आणि म्हटलं, "तू वाजव, मी ऐकतो. तुझ्या हाताला बरं वाटेपर्यंत मी इथून उठत नाही."

तिनं गिटार त्या काळ्या मशीनला जोडली आणि पायाशी एक डबडं ठेवलं. त्याला पेडल म्हणतात, पायानं दाबलं की आवाज फाटतो. तिनं दाबलं. मी दात आवळले. उजव्या हाताची कड तारांवर टेकवून ती मारत होती आणि जमिनीतून घरघर उठून माझ्या मांड्यांत शिरत होती. ती थांबायची, कोणती तार अजून उंच आहे ते सांगायची, मी खाचेत बारीक गोल कानस घालून एक हात मारायचो, ती परत वाजवायची. एक एक हात. तंबोऱ्यालाही आम्ही असंच करतो, फक्त तिथे मान डोलवतो, इथे मी मान ताठ धरून बसलो होतो.

सात वाजायच्या सुमारास तिनं जाड तारांवर दोन स्वर धरले आणि सोडून दिले. मी कानस खाली ठेवली. परत वाजव म्हटलं. तिला वाटलं काहीतरी चुकलं. तिनं परत वाजवलं. सा आणि प, दोनच स्वर धरले होते, पण त्या फाटक्या आवाजाच्या पोटातून गंधार येत होता. न वाजवलेला गंधार. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या जाड तारेतून तो आपोआप उमटतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तो यावा म्हणून आमच्या घरातली माणसं हयात घालवतात. आणि मुलुंडच्या सातव्या मजल्यावर पायाखालच्या एका डबड्यातून तो धबाधबा सांडत होता. मी तिला तसं सांगितलं. तिनं तंबोरा घेतला, खर्ज छेडला, गिटार छेडली, दोन्हीकडे कान लावला आणि आईला हाक मारली. मग आम्ही तिघं दहा मिनिटं नुसते ऐकत बसलो होतो.

साडेआठला ती म्हणाली, "चालेल, काका." मी पेटी बंद केली. पण 'चालेल' म्हणजे काय ते मला कळतं. चालेल म्हणजे वेळ संपली आहे आणि माणूस भला आहे.

दुसऱ्या दिवशी घाटकोपर पूर्वेला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे दोन तंबोरे होते. मुक्कामही त्यांच्याकडेच. मोठा तंबोरा असा लागला की डॉक्टर हात जोडून बसले. पण दुपारनंतर मला चैन पडेना. काहीतरी हवं होतं. चहा घेतला, तो नव्हे. पान खाल्लं, ते नव्हे. संध्याकाळी डॉक्टरांनी खाऊगल्लीत (खाण्याच्या गाड्यांची रांग) पाठवलं. तिथे डोशावर इतकं चीज किसून घातलं होतं की खाली डोसा आहे हे विश्वासानं मानावं लागलं. तेही नव्हे. तंबाखू सोडून मला वीस वर्षं झाली, पण ही बेचैनी ओळखीची होती. तल्लफ आली होती, फक्त कशाची ते कळत नव्हतं.

परत येताना पहिल्या मजल्यावरच्या एका व्यायामशाळेतून तोच आवाज आला. घरघर घरघर. माझे पाय आपोआप थांबले. पंधरा मिनिटं मी फुटपाथवर मान वर करून उभा होतो. वॉचमननं येऊन विचारलं, मेंबर व्हायचंय का. माझ्याकडे बघून कुणालाही हा प्रश्न सुचावा, याचंच मला हसू आलं. पण लाजही वाटली. ज्या आवाजाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, तो मला हवा होता. तंबोऱ्याचा गंधार येतो आणि शांत बसतो. हा धक्का मारून येतो, आणि मला तो धक्का हवा होता.

आणि तिथेच उभ्या उभ्या मला सानिकाची तिसरी तार आठवली. तार बोटानं ताणून सोडली की ती जागेवर येताना बारीक टक् करत होती. काल ते ऐकू आलं होतं, पण थकल्यामुळे मी सोडून दिलं होतं. खाच घट्ट होती, तार अडकत होती. ताणून सोडल्यावर ती पूर्ण मागे येत नव्हती, म्हणजे पुढचा प्रत्येक स्वर बेसूर. मी ताईंना फोन लावला. फोन सानिकानं घेतला. मी उद्या अंधेरीला येऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, "या काका. पण पेटी घेऊन या." म्हणजे तिलाही ते कळलं होतं.

पेटीमुळेच घात झाला. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोनं जायचं ठरवलं होतं. तपासणीच्या यंत्रात पेटी गेली आणि पडद्यावर दोन करवती, चार पटाश्या आणि अकरा कानशी दिसल्या. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की हे घेऊन जाता येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं, मी आधी विचार करायला हवा होता. पण घड्याळात तीन वाजत आले होते. रिक्षा केली. असल्फा, साकीनाका, आणि साकीनाक्याला रिक्षा जी थांबली ती थांबलीच. रिक्षावाल्याला मी तीनदा सांगितलं की एका मुलीची परीक्षा आहे. तो म्हणाला, "पोरगी हुशार असेल तर पास होईल की, काका. तुम्ही कशाला एवढं घामाघूम होताय?" माझ्यामुळे नापास होईल, हे त्याला काय सांगू.

अंधेरी पूर्वेला गाळ्यांची एक जुनी इमारत. खाली लेथ मशीन, वर शिवणकाम आणि तिसऱ्या मजल्यावर तालमीची खोली. मी पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं होती आणि सानिका बाहेरच्या जिन्यावर गिटार घेऊन बसली होती. आतून दुसऱ्या कुणाचं तरी वाजवणं चालू होतं. चांगलं वाजवत होता तो, मला आता तेवढं कळत होतं. सानिका हात चोळून गरम करत होती.

मी तिच्याखालच्या पायरीवर बसलो. "कशी हवी तुला?" मी विचारलं. तिनं सांगितलं, तार ताणली की सरकायला हवी, पण सैल नको, आणि खाली तर अजिबात नको. जिन्यात मशीन नव्हतं. मी गिटारच्या लाकडाला कान लावला. तिनं तिसरी तार ताणून सोडली. टक्. मी खाचेच्या दोन्ही अंगांना कानस फिरवली, तळाला लागू न देता. एक हात. टक्, पण बारीक. दुसरा हात. तिनं खिशातून पेन्सिल काढली आणि तिचं शिसं खाचेत घासलं. गिटारवाले असं करतात म्हणे, त्यानं तार घसरते. तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तार ताणली, सोडली. ती गुपचूप जागेवर आली. सानिकानं माझ्याकडे बघितलं आणि या वेळी 'चालेल' म्हणाली नाही. म्हणाली, "हां. हेच."

आत मला एका उलट्या क्रेटवर बसायला मिळालं. बँडचा म्होरक्या दाढीवाला, ढोलापाठी बसलेला. त्यानं काठ्यांनी चार मोजले आणि सगळे एकदम सुटले. छोट्या खोलीत तो आवाज काय असतो ते लिहून कळणार नाही. माझा चष्मा नाकावरून खाली आला. छातीच्या फळीवर कुणी बुक्क्या मारतंय असं वाटत होतं आणि मी मनात म्हणत होतो, मार, अजून मार. मग बाकीचे मागे सरले आणि ती एकटी पुढे आली. तिसऱ्या तारेवर तिनं एक स्वर ताणला, ताणला, ताणत वर नेला, तिथे धरून ठेवला, आणि सोडला. तो नेमका जागेवर आला. तिनं परत ताणला. परत जागेवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पुसलं नाही.

दाढीवाल्यानं काठी वर करून मध्येच थांबवलं. मला वाटलं, वाट लागली. तो उठून आला, गिटारची मान हातात धरून बघितली, हाडाच्या पट्टीवर अंगठा फिरवला आणि विचारलं, हे कुणी केलंय.

सानिकानं माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या काकांनी. मिरजेहून आलेत, तंबोरे बनवतात." आणि तिनं ते इतक्या ताठ मानेनं सांगितलं, की तेवढा मान मला आमच्या दुकानात चौकटीत लावलेल्या कुठल्याच बक्षिसानं दिलेला नाही. आधीची पट्टी मीच फोडली होती, हे तिनं सांगितलं नाही. म्हणून मी उभा राहून ते सांगितलं. न विचारता केलं, चुकलं, आणि नंतर हिनं मला शिकवून करून घेतलं, असं सगळं. दाढीवाला हसला. ती आपल्यात आहे, असं तो बाकीच्यांना म्हणाला, आणि मग तिलाही म्हणाला. तिसरा वादक बाहेर थांबलाच होता. त्याचंही वाजवणं त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण निर्णय बदलला नाही. सानिकानं ताईंना फोन लावला आणि तिला बोलताच येईना. मग मीच ताईंना सांगितलं.

परतीच्या गाडीत मला मुंबईबद्दल काही फार खोल सुचलं नाही. एवढंच वाटलं की दरवर्षी मी तिथे हात द्यायला जातो असं समजत होतो आणि या वर्षी कान घेऊन आलो. साठीला टेकलेल्या माणसाला नवी आवड लागते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. घराण्याचा अभिमान मला होताच. आता त्यात एक काळी गिटारही धरतो, कुणी काहीही म्हणो.

घरी आल्यावर दादांना सगळं सांगितलं. वडिलांचा नियम मोडला तेही सांगितलं. दादा घोडी घासत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कानस थांबली. एवढंच म्हणाले की बाबा असते तर तुला आठ दिवस हत्याराला हात लावू दिला नसता. मी म्हटलं, खरं आहे.

आठवड्यानं सानिकानं फोनवर त्यांच्या तालमीचं रेकॉर्डिंग पाठवलं. दुपारी दुकानात मी ते मोठ्यानं लावलं. दादा म्हणाले, "बंद कर ते." मी बंद केलं. आम्ही दोघं आपापल्या घोडीवर वाकून काम करत राहिलो. माझे कान मात्र सारखे फोनकडे जात होते.

थोड्या वेळानं दादा मान वर न करता म्हणाले, "लाव परत."

मी लावलं आणि फोन त्यांच्याजवळ सरकवला. "ती एकटी वाजवायला लागली की तिसऱ्या तारेकडे लक्ष द्या," मी म्हटलं. "ती माझ्या हातची आहे."